कोंबडीचा खटला

वडिलांना, म्हणजे तातांना, शिकारीच्या रांगेत कुठे उभं करायचं, यावरून सकाळीच बहीण-भावाचं वाजलं.

अंगणात अजून नीट उजाडलंही नव्हतं. नाताळचा दुसरा दिवस, संत स्टीफनचा. दिये नदीच्या काठच्या गावांत या दिवशी घरी बसलेला पुरुष एक तर अंथरुणाला खिळलेला असतो, नाही तर गावाशी भांडलेला. कुडेलांच्या फाटकापाशी पंधरा-वीस बंदुका जमल्या होत्या, हाकारे काठ्यांवर रेलून जांभया देत होते. शिकारीचा कारभारी या नात्याने कुणी कुठे उभं राहायचं ते रादिमने ठरवायचं होतं. सरपणाच्या छपराखाली त्याच्या धाकट्या बहिणीने, द्राहाने, त्याला गाठलं.

"ते मधेच उभे राहणार," रादिम म्हणाला. "माझी मिशी फुटली नव्हती तेव्हापासून ते मधे उभे राहतायत. आज कडेला ढकलले तर अख्ख्या गावाला कळेल."

"कळू दे की."

"काय कळू दे?"

"की त्यांना दिसत नाही."

रादिमने मान वळवून फाटकाकडे पाहिलं. "हळू बोल, बाई."

"परवा रात्री त्यांनी वाइन पेल्याऐवजी टेबलावर ओतली, आणि आपण सगळ्यांनी काय केलं? छताकडे पाहिलं. माशाचे काटे ब्लाझेना काढून देते आणि ते कळलंच नाही असं दाखवतात. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघून बोलतात. आणि अशा माणसाच्या हातात तू भरलेली दुनळी बंदूक देणार!"

"मागच्या शनिवारी त्याच माणसाने दोन कोंबडे पाडले. माझ्यापेक्षा एक जास्त. त्याचं काय?"

फेझंट या रानपक्ष्याचा नर तो कोंबडा, मादी ती कोंबडी. आणि या रानात फक्त कोंबडा मारायचा, कोंबडीला हात लावायचा नाही, हा नियम तातांनीच घालून दिलेला. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून एकही कोंबडी पडली नव्हती. दिसत नसेल तर हे जमतं कसं, हे कोडं तिला महिनाभर सुटत नव्हतं, आणि म्हणून तिचं बोलणं दर वेळी इथे येऊन लंगडं पडायचं.

रादिमची बायको ब्लाझेना उकळत्या वाइनचं पातेलं घेऊन आली. दालचिनीचा वास तिच्या आधी पोचला. "घ्या, घशाखाली घाला काहीतरी. तेवढा वेळ तरी तोंडं बंद राहतील." मग आवाज खाली आणून ती नवऱ्याला म्हणाली, "ती बरोबर बोलतेय, आणि तुलाही ते ठाऊक आहे. फक्त सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न आहे. मी सून. मी बोलले तर तो अपमान होईल."

"मग झाकली मूठ राहू दे," रादिम म्हणाला. "सणाचा दिवस आहे."

शेवटी तोडगा निघाला, आणि तोडगा म्हणजे काय, तर दोघांनाही न पटलेली गोष्ट. तातांनी बाभळीच्या पट्ट्याच्या टोकाला उभं राहायचं, जिथे पुढे नुसतं उघडं शेत आहे. मागे द्राहाने कुत्री घेऊन थांबायचं. वेळ पडलीच तर बंदूक खाली दाबायची.

"ताता," रादिम त्यांच्यापाशी जाऊन मोठ्याने म्हणाला, "आज तुम्ही टोकाला. वारा असा आहे की कोंबडे तिकडूनच निघतील."

सिरिल कुडेलांनी मान जरा तिरकी केली. हिरव्या कोटाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या, टोपीत देवदाराची डहाळी, दुनळी खांद्याला. "वारा?" ते म्हणाले. "आज?" धुराड्यातला धूर दोरी लावल्यासारखा सरळ वर जात होता. पण त्यांनी वाद घातला नाही, आणि वाद न घालणारे ताता द्राहाला नवीन होते.

आस्ता मात्र आनंदाने वेडी झाली होती. राठ तपकिरी केसांची, दाढीवाली कुत्री. तातांच्या बुटांवर पाय देऊन उभी राहिली. "आलीस का म्हातारे," म्हणत त्यांनी तिचे कान कुस्करले.

ही कुत्री नसती तर द्राहा आज या अंगणात नसती. जुन्या राजवटीत सरकारने काढून घेतलेला वरचा द्राक्षमळा परत मिळाला, त्या वर्षी घरच्या बैठकीत सगळे माना डोलावत बसले असताना ती एकटीच म्हणाली होती, "ताता, तुमच्याच्यानं आता हा मळा होणार नाही." झालं. सहा वर्षं ताता तिच्याशी बोलले नाहीत. आईच्या दफनालासुद्धा थडग्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिले. मग एका मार्चमध्ये ती कोटात पिल्लू लपवून आली. त्यांनी आधी पिल्लाला नाव विचारलं, आणि पिल्लाच्या वतीने तिला उत्तर द्यावं लागलं. तेव्हापासून कुत्री तिची, आणि शिकवणी तातांची. खरं बोलल्याची किंमत तिला पाठ होती. तीच पुन्हा मोजायची ताकद आपल्यात आहे का, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

पहिल्या हाक्याने तर तिला खोटंच पाडलं. मक्याचे गोठलेले खुंट बुटांखाली कडाकड मोडत होते. लांबून हाकाऱ्यांच्या काठ्या ऐकू येऊ लागल्या. ताता देवळात उपदेश ऐकायला बसावं तसे मान खाली घालून उभे होते, डोळे जवळजवळ मिटलेले. मग "कोंबडा! कोंबडा!" अशी आरोळी उठली, पट्ट्यातून कर्कश केकाटत एक पक्षी आभाळात चढला, आणि तो द्राहाला दिसायच्या आत दुनळी त्यांच्या खांद्याला लागली होती. एकच बार. कोंबडा शेपूट पसरून खाली आला. आस्ताने तो आणून दिला, तांबूस, गळ्यात पांढरी कडी असलेला देखणा पक्षी.

"काय गं," ताता म्हणाले, "मागे उभं राहायला सांगितलंय ना तुला? राहा उभी. थंडी मात्र वाजेल."

म्हणजे त्यांना सगळं कळलेलं होतं. द्राहाचे कान गरम झाले.

दुसऱ्या हाक्यातही त्यांनी एक पाडला. दुपारी गाडीच्या फळीवर घेवड्याचं सूप, पाव आणि डुकराची चरबी मांडली गेली, तेव्हा ताता रंगात आले होते. द्राहाचा नवरा ओता ब्र्नो शहरातल्या शाळेत ट्रॉम्बोन शिकवतो. दर वर्षी सासऱ्याच्या आग्रहाखातर तो बंदूक घेऊन येतो आणि दर वर्षी रिकाम्या हाताने परत जातो. आज मात्र नवल घडलं होतं, त्याच्या झोळीत एक कोंबडा होता.

"जावईबापू," ताता म्हणाले, "त्या कोंबड्याला काय झालं होतं? आजारी होता का?"

"वयोवृद्ध होता, ताता. माझी वाट बघून बघून दमला असेल."

सगळे हसले. रादिमने बहिणीकडे पाहून भुवया उंचावल्या: बघ, म्हटलं नव्हतं? द्राहाने सुपात पाव बुडवला आणि मनाला समजावलं की आपण उगाच साप साप म्हणून भुई धोपटत होतो. तसं वाटायला तिला फार आवडलं असतं.

तिसरा हाका वेतांचा होता. नदीच्या जुन्या पात्रात माणूसभर उंच वेत माजलेले, आणि दुपार कलल्यावर त्यातून धुकं वर यायला लागलेलं. रादिम या खेपेला हाकाऱ्यांबरोबर वेतात शिरला. ताता पात्राच्या वळणावर, ओता त्यांच्या डावीकडे शंभरेक पावलांवर. आवाज आला तो कुठून आला हेच कळेना. धुक्यात सगळंच जवळ वाटतं.

"कोंबडा!" डावीकडून आरोळी आली, आणि तिकडेच एक कोंबडा केकाटला. त्याच क्षणी तातांच्या समोर, अगदी वेतांच्या शेंड्यांवरून, एक करडा पक्षी गुपचूप निघाला. दुनळी वर गेली, पण पुरेशी वर गेली नाही. "ताता!" द्राहा ओरडली. बार उडाला होता.

छर्रे वेतांत सळसळले. आतून कुणीतरी शिवी हासडली.

आस्ता झेपावली आणि थोड्या वेळाने पाण्याने निथळत परत आली. शिकवल्याप्रमाणे ती द्राहासमोर बसली आणि तोंडातलं ओझं तिच्या हातात दिलं. मऊ, मातकट रंगाचा पक्षी, आखूड शेपटी. पायाला कोंबड्याची टोकदार आर नाही. कोंबडी.

"पडला ना?" ताता वळले. त्यांची नजर तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी थांबली. "कोंबडा ना, द्राहा?"

हातभर अंतरावर कोंबडी होती आणि ते विचारत होते. त्या चेहऱ्यावर तिने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असतं तसं. द्राहाला भडभडून आलं.

"हो," ती म्हणाली. "कोंबडा."

"बरं," ताता म्हणाले आणि दुनळी उघडून काडतुसं काढायला लागले.

ओता वेतांच्या कडेने आला. त्याने बायकोच्या हातात पाहिलं, सासऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता कोंबडी काढून घेतली. आपल्या झोळीतला आयुष्यातला एकुलता एक कोंबडा त्याने तिच्या हातात ठेवला. "कोंबडी माझ्या नावावर घाल," तो कुजबुजला. "माझ्याकडून तसंही कुणाला काही आशा नाही."

एवढ्यात रादिम वेतांतून बाहेर पडला. चेहरा चुन्यासारखा. टोपी त्याने हातात चुरगळून धरली होती आणि कपाळाच्या वर, केसांच्या कडेला, रक्ताची एक बारीक रेघ होती.

"वेत लागला," तो म्हणाला.

"रादिम."

"वेत लागला म्हणतोय ना." मग तिला बाजूला ओढून, दात आवळून म्हणाला, "कुणी काही बोलायचं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी पाहू."

"पुढच्या वर्षी छर्रा दोन बोटं खाली येईल. कळतंय का तुला? डोळ्यात येईल."

"मग सांग जाऊन! तूच सांग. तुला सवय आहे. सहा वर्षं तू तिकडे ब्र्नोत आरामात होतीस. रोज त्यांच्यासमोर जेवायला मी बसत होतो, त्यांचं ते गप्प राहणं मी गिळलं. या वेळी म्हातारा कुणाशीच बोलेनासा झाला तर? बंदूक गेली तर त्यांच्याजवळ उरतं काय?"

तो हे सगळं कुजबुजतच बोलला. द्राहाला भावाचा राग आला आणि लगेच कीवही आली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी दोघांचीही गत होती.

तिन्हीसांजेला शिकार मांडली गेली. तळघराच्या पुढच्या हिरवळीवर देवदाराच्या फांद्यांची चौकट, कोपऱ्यांवर पेटती लाकडं, मधे कोंबडे उजव्या कुशीवर ओळीने. अगदी शेवटी एकटी कोंबडी. शिंग फुंकलं गेलं, टोप्या उतरल्या. मेलेल्या जिवाला कुणी ओलांडून जायचं नाही, म्हणून सगळे लांबून वळसा घालून गेले. ताताही गेले, ओळीच्या जरा जास्तच लांबून.

मग सगळे तळघरात उतरले. या गावांत शिकारीचा शेवटचा हाका टेबलावर होतो: आधी ससा आणि डाळिंबी रंगाची वाइन, मग कोर्ट. दिवसभरात ज्याच्या हातून चूक झाली त्याच्यावर खटला चालतो. गुन्हा सिद्ध झाला की आरोपीने बाकावर पालथं पडायचं आणि शिकारी सुऱ्याच्या पात्याचे तीन फटके खायचे: एक शिकाऱ्यांच्या संत हुबर्टसाठी, एक सोबत्यांसाठी, एक रानाच्या जुन्या कायद्यासाठी. वर उठून कोर्टाचे आभार मानायचे. सगळा हसण्याचा मामला. न्यायाधीश नेहमीचेच, सिरिल कुडेला. गळ्यात रानडुकरांच्या सुळ्यांची माळ आणि डोक्यावर आजोबांच्या काळातली पिसांची टोपी.

कारभारी तोच फिर्यादी. रादिमला उभं राहावं लागलं. "आरोपी ओता," तो म्हणाला. "आरोप: कोंबडी मारली."

तळघर दणाणलं. ओताने कमरेत वाकून मानवंदना दिली.

"आरोपीचा धंदा?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ट्रॉम्बोन शिकवतो, महाराज."

"म्हणजे फुंकता येतं. नेम लावता येत नाही."

"तसंच म्हणायचं, महाराज."

"कोंबडी उडाली तेव्हा मागे आभाळ होतं का?"

"होतं की."

"आणि ती ओरडली का?"

ओताने क्षणभर द्राहाकडे पाहिलं. "ओरडली ना. खूप ओरडली. म्हणून तर मला वाटलं कोंबडा."

हशाचा असा स्फोट झाला की टेबलाखालून आस्ता भुंकायला लागली. "ब्र्नोच्या कोंबड्या ओरडतात वाटतं!" कुणीतरी म्हणालं. "ट्रॉम्बोन ऐकून ओरडली असेल!" उडताना केकाटतो तो कोंबडा, कोंबडी मुकी उडते, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. फक्त न्यायाधीश हसले नव्हते.

"कुत्रीच्या मालकिणीने पुढे यावं," ते म्हणाले.

द्राहा उठली.

"या कोर्टात कुत्रा स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने मालकीण बोलते. आणि कुत्रा कधी खोटं बोलत नाही, हे तिने ध्यानात ठेवायचं." लोक अजून हसतच होते. "कोंबडी आणायला आस्ता कुणाच्या बारावर गेली?"

रादिमने पेला तोंडाशी नेला आणि त्याच्या कडेवरून बहिणीकडे डोळे वटारले. ओता हळूच नकारार्थी मान हलवत होता. ब्लाझेना जिन्यापाशी उभी होती, नवऱ्याची टोपी हातात, आणि तिने मान हलवली नाही. नुसती बघत राहिली.

आता ओताचं नाव घेतलं की तीन फटके, टाळ्या, आणि सगळे घरी. रविवारी ताता हसून दार उघडणार. आणि जानेवारीत पुन्हा वेतांचा हाका. द्राहाला थडग्याच्या पलीकडे उभे असलेले ताता आठवले, आणि रादिमच्या कपाळावरची ती रेघही. तिला रडू यायला लागलं, म्हणून तिने घाईघाईने बोलून टाकलं.

"तुमच्या बारावर, ताता. कोंबडी तुमच्या हातून पडली. मी खोटं सांगितलं."

हसू एकेका टेबलावर विझत गेलं.

"आणि मागे आभाळ नव्हतं. मागे रादिम होता."

"द्राहा!" रादिम ओरडला. "काही नाही हो ताता. वेत लागलाय. हिचं आपलं काहीतरीच..."

ब्लाझेना पुढे आली. तिने टोपी सासऱ्यांच्या हातात ठेवली, त्यांचं बोट धरलं आणि टोपीच्या कडेवरून फिरवलं. बोट एका भोकापाशी अडलं. मग दुसऱ्या.

"उंदराने कुरतडलीय ती," रादिम म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

"उंदीर इतकं गोल कुरतडत नाही," ताता म्हणाले.

त्यांनी दोन्ही भोकं पुन्हा चाचपली. मग ते बोलले, ते न्यायाधीशाच्या आवाजात नाही, घरातल्या आवाजात.

"कोंबडीचं मला माहीत होतं. ती मुकी निघाली. केकाटणं डावीकडचं होतं, मी झाडली समोरच्या सावलीवर. चाप ओढला आणि तेव्हाच कळलं. आरोळी ऐकायची, केकाटणं ऐकायचं आणि आवाजाच्या नाकासमोर बार टाकायचा. शरद लागल्यापासून मी असाच मारतोय. तुम्हाला वाटलं, म्हाताऱ्याची नजर शाबूत आहे. मलाही मजा वाटत होती." त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "म्हटलं, बघू या कोण तोंड उघडतंय. पण हे मला माहीत नव्हतं."

"ताता, काही लागलेलं नाही—"

"आभाळ दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. हे तुला कुणी शिकवलं, रादिम?"

"तुम्ही."

"मग घे सुरा."

त्यांनी सुळ्यांची माळ काढली, पिसांची टोपी काढली आणि टेबलाच्या कडेला हात लावत लावत बाकापर्यंत गेले. आता ते लपवायचंही त्यांनी सोडून दिलं होतं. बाकावर पालथे पडले. एवढा मोठा माणूस, पण कोटाखाली खांद्यांची हाडं किती वर आली आहेत ते द्राहाला पहिल्यांदाच दिसलं. तळघरातल्या सगळ्यांनी टोप्या काढल्या.

रादिमने पातं उचललं आणि जेमतेम टेकवलं. "संत हुबर्टसाठी."

"हा फटका झाला?"

"सोबत्यांसाठी."

"जोरात मार. माझ्या छर्र्यांनी तुला गोंजारलं नव्हतं."

तिसरा फटका मात्र खरोखर बसला. "रानाच्या कायद्यासाठी," म्हणता म्हणता रादिम रडायला लागला, पन्नाशीचा बाप्या, सगळ्या गावासमोर. ताता उठले, कोट झटकला आणि म्हणाले, "कोर्टाचे आभार." मग भिंतीला टेकवलेली दुनळी चाचपून शोधली, उघडली, दोन्ही नळ्यांत अंगठा घालून रिकाम्या असल्याची खात्री केली आणि रादिमच्या हातात दिली. "तेल देत जा," एवढंच म्हणाले.

पुढचा वेळ कसा गेला ते द्राहाला नीट आठवत नाही. कुणीतरी गाणं सुरू केलं, ते कुणी उचललं नाही. लोक तातांच्या खांद्यावर हात ठेवून एकेक करून वर गेले. ताता सगळ्यांशी बोलले. ब्लाझेनाशी बोलले, ओताला म्हणाले, "तुझा कोंबडा तू घेऊन जा, मिळाला आहे तर." द्राहाकडे एकदाही वळले नाहीत.

ती आस्ताला घेऊन वर आली आणि अंधारात दारापाशी उभी राहिली. बारीक बर्फ पडायला लागलं होतं. म्हणजे सुरू झालं पुन्हा, तिला वाटलं. या वेळी किती वर्षं? आणि त्यांच्याजवळ तेवढी आहेत का? तिने पट्टा हाताला गुंडाळला आणि तोंड फिरवून रडून घेतलं. बोलल्याचा पस्तावा मात्र होत नव्हता, आणि म्हणूनच रडू जास्त येत होतं.

आतून रादिमचा आवाज आला. "चला, ताता. माझ्या खांद्यावर हात ठेवा."

"तू हो पुढे."

"अहो, अंधार आहे जिन्यात."

"मला सगळीकडेच आहे. हो म्हटलं ना पुढे."

रादिम एकटाच वर आला, खांद्याला दोन बंदुका. बहिणीजवळून जाताना थांबला, काही बोलणार होता, पण नुसता तिचा दंड दाबून फाटकाकडे गेला. खाली एकच दिवा राहिला होता. जिन्याच्या तळाशी ताता उभे होते, एक हात भिंतीवर, चेहरा वर केलेला.

"द्राहा आहे का तिथे?"

"आहे, ताता."

त्यांनी बूट पुढे सरकवला, मागे घेतला. हा जिना त्यांच्या वडिलांनी खणलेला. सत्तर वर्षं ते वाइनचे घडे घेऊन यावरून धावत चढले होते.

"मला पायरी दिसत नाही," ते म्हणाले. "हात दे."

ती खाली उतरली. त्यांनी तिचा दंड धरला आणि सगळा भार टाकला. इतका भार त्यांनी कधी कुणावर टाकला असेल असं तिला वाटलं नाही. आस्ता वर बसून दोघांची वाट पाहत होती.

"गप्प राहू नकोस," ताता म्हणाले. "सांगत चल."

"पायरी," द्राहा म्हणाली. "आता पुन्हा पायरी."